‘सिंपल’ खोडलं, आता काय लिहू?

प्रश्न : ताई, मी नांदेडला एम.एस्सी. फिजिक्स करते. डेटिंग अ‍ॅपवर ‘सिंपल, फॅमिली ओरिएंटेड’ लिहिलं नि खोडलं. खरं तर औंढ्याला घरचे नागनाथाच्या रांगेत असतात अन् मी लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेची, जागा कुठंय म्हणून रिक्षावाल्याला विचारत फिरते. मैत्रीण म्हणते, असलं लिहिलं तर एक पोरगं यायचं नाही.

उत्तर : अगं, हेच लिही की! रिक्षावाल्यासकट. पुढं जोड : ‘चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यात लेसर, गुरुत्वीय लहरी पकडायला. हे ऐकताना जांभई न देणारा पाहिजे.’ कमी येतील, येऊ देत. कॉलेजचं नाव मात्र टाकू नकोस. अन् फोटो लग्नातला नको, सोल्डरिंग करतानाचा असेल तर तो लाव.