आजीच्या यंत्रावरची चांदणी

प्रिय सई,

आजीच्या देव्हाऱ्यातल्या तांब्याच्या यंत्राचा फोटो मिळाला, आणि खाली तुझा प्रश्न: "ही तर माझ्या वर्गातल्या ज्यू मैत्रिणीच्या गळ्यातली चांदणी! आजी ज्यू आहे का?" आजीला हे जरूर सांग, हसून हसून पुरेवाट होईल तिची.

नाही गं. दोन त्रिकोण एकमेकांत गुंतवले की सहा टोकांची चांदणी होते, आणि ती कुणालाही सुचू शकते. आजीच्या यंत्रात कुंकू बसलेल्या रेघा नीट बघ: टोक वर असलेला त्रिकोण शिवाचा, खाली असलेला शक्तीचा. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यावरही हीच चांदणी आहे.

ज्यू लोक तिला दाविदाची ढाल म्हणतात. त्यांच्या प्राचीन दावीद राजाच्या ढालीवर ती होती अशी कथा आहे, पुरावा मात्र काही नाही. इस्रायलच्या उत्तरेला गॅलिलीत कफर्णहूमच्या प्राचीन सिनॅगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, दगडांवर ती सापडते, पण नुसती नक्षी म्हणून. तिथल्या कोरीवकामात चक्क स्वस्तिकही आहे! ज्यूंची ओळख ती बऱ्याच उशिरा झाली. आधी प्रागच्या ज्यूंच्या झेंड्यावर आली, मग १८९७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या झायोनिस्ट परिषदेनंतर (झायोनिस्ट म्हणजे ज्यूंचा स्वतःचा देश हवा म्हणणारे) सगळीकडे. १९४१ पासून नाझींनी जर्मनीत सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूला तीच चांदणी पिवळ्या कापडाची करून कपड्यांवर शिवायला लावली. सहा वर्षांची म्हणजे पहिलीतली पोरं गं. आणि १९४८ मध्ये इस्रायलने तीच आपल्या झेंड्यावर घेतली. तुझी मैत्रीण ती गळ्यात घालते, तेव्हा हे सगळं तिच्या घरच्यांना ठाऊक असणार.

त्यांची खरी जुनी खूण म्हणजे मेनोरा, सात फाट्यांचा दिवा. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. तिथून लुटलेला हा दिवा मिरवणुकीत खांद्यावरून नेतानाचं दृश्य रोममध्ये टायटस या रोमन सेनापतीच्या कमानीवर कोरलंय. इस्रायलच्या राजचिन्हावर आजही मेनोराच आहे.

तुम्ही अलिबागला जाणारच आहात, तर मागेन अबोथ सिनॅगॉग बघून या. ते बेने इस्रायलींचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचं. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणारी ही माणसं तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. आत जायचं तर आधी विचारा, आणि डोकं झाकायला बाबांना टोपी घ्यायला सांग.

तुझी,
आई