हळदीच्या धुळीत चष्मा जपताना
सांगलीच्या मार्केट यार्डात तू नवा, चष्माही नवाच, म्हणून सांगतो. हळदीची धूळ काचेवर बसली की शर्टाच्या टोकानं कोरडी पुसू नकोस. माझ्या पहिल्या चष्म्यावर ओरखडे त्यानंच पडले. आधी कोमट पाण्याची धार, मग बोटावर भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब. खरा मळ नाकावरच्या पॅडखाली असतो. घाम, तेल, जंतू तिथंच साठतात. तो हिरवट थर मऊ ब्रशनं काढ. कानामागच्या दांड्याही चोळ. स्वच्छ मायक्रोफायबरनं टिपून ट्यूबलाइटखाली तिरका धर, तेलकट डाग राहिला असेल तर लगेच चमकतो. घरात कुणाचे डोळे आले असतील तर दिवसातून दोनदा धू. व्हिनेगर, कडकडीत पाणी मात्र नकोच, कोटिंग खराब होतं.