शिकार, पारध आणि माग

प्रश्न असा आहे : 'शिकार खेळणे' म्हणतात, तर मग शिकार हा खेळ मानायचा का? आणि नीतीने वागणाऱ्या शिकाऱ्याला मराठीत वेगळा शब्द आहे का?

आधी एक तक्रार. 'तरुण नैराश्याचा शिकार', 'वृद्ध फसवणुकीचे शिकार' हे बातम्यांत रोज ऐकावं लागतं. हे हिंदी झालं. मराठीत माणूस बळी पडतो, फार तर कुणाचं सावज होतो. शिकार ही स्त्रीलिंगी, आणि ती करायची असते.

शब्द फारसी, तिथे थांबायला नको. 'खेळणे'वरूनही काही ठरत नाही. झुंजसुद्धा आपण खेळतोच.

खरी गंमत मृगयेत, म्हणजे शिकारीच्या संस्कृत शब्दात आहे. मृग म्हणजे नुसतं हरीण नव्हे, कुठलंही रानजनावर. म्हणून सिंह मृगेंद्र आणि माकड शाखामृग. 'मृग् म्हणजे शोधणे, ज्याला शोधतात तो मृग' असं पाठ करून ठेवलेले पंडित अजून भेटतात. गाडी उलटी जुंपली आहे! आधी जनावर, मग त्याच्या मागावर जाणं, आणि त्यातून 'शोधणे' हा अर्थ. मार्गही त्यातलाच : मुळात जनावरांची पायवाट. (समृद्धी महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी पूल बांधले ते बरंच झालं, शब्द मूळ मालकांकडे गेला.) संस्कृतात मार्गण म्हणजे बाण आणि मार्गण म्हणजे याचकही. त्याच घराण्यातून आपलं 'मागणे' आलं आणि रानातला 'माग'ही. दुकानात पावशेर चहा मागताना आपण मृगयेचंच क्रियापद वापरतो.

आता पारध. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात 'पारद्धि' हे पारधीचं प्राकृत रूप संस्कृत 'पापर्द्धि'वरून साधलं. पापर्द्धि म्हणजे पापाची भरभराट! जैन मुनीला हे सुचणं स्वाभाविक आहे, पण आजच्या माणसाने ते मुकाट्याने उतरवून का घ्यावं? पोटासाठी फासे लावणारा आपल्या धंद्याला पापाची भरभराट म्हणेल? माझ्या मते पारद्धि लोकांच्या तोंडी आधीपासून होतं. संस्कृत अंगरखा त्याला मागाहून चढवला.

राहिली नीती. महाभारतात मृगरूपातला किंदम ऋषी मरताना पंडूला सांगतो की मृग मारलास याचा दोष देत नाही, पण मैथुन संपेपर्यंत थांबायला हवं होतंस. म्हणजे मारण्यालाही वेळकाळ होता. रानातला दुसरा नियम जखमी जनावराचा. सावज घायाळ होऊन जाळीत शिरलं की पानांवरचे रक्ताचे थेंब, मोडलेलं गवत बघत माग काढायचा आणि त्याला वेदनेतून सोडवायचं. बार टाकून घरी परतणाऱ्याने मृगया केलीच नाही, नुसती हत्या केली. शब्दाचा अर्थच तसा आहे.

वेगळा शब्द मात्र नाही. विशेषण लागतं ते वाईटाला, 'चोरटा शिकारी'. म्हणजे नुसता 'शिकारी' नियम पाळणाराच धरलेला होता. पण १९७२चा वन्यजीव कायदा आणि १९९१ची दुरुस्ती यांनंतर हौशी शिकारीचे परवाने संपले, तेव्हा 'वाघाच्या चोरट्या शिकारीचा प्रकार उघड' या मथळ्यातलं 'चोरट्या' आता फुकट जागा अडवतं.