संडासाचे पाणी हळू उतरते. गच्चीवरच्या व्हेंट पाईपचा याच्याशी काही संबंध असतो का?

संबंध असतो. फ्लश केल्यावर पाणी आधी भांड्यात वर चढते, मग सावकाश उतरते, त्याच वेळी न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो आणि दोनदा ॲसिड ओतूनही फरक पडला नाही, असे आपण लिहिले आहे. यावरून मला तरी पाईपमध्ये हवा कोंडली असावी असे वाटते. ॲसिड ओतणे आधी थांबवावे, कारण कोंडलेल्या हवेवर ॲसिडचा काहीही उपयोग होत नाही.

हे मी ठामपणे लिहितो, कारण कराडच्या आमच्या दुमजली घरात हाच त्रास आम्ही चार वर्षे सोसला. वडिलांनी 1987 साली घर बांधले तेव्हा संडासाचा चार इंची बिडाचा पाईप गच्चीच्या कठड्याच्याही वर नेऊन त्यावर जाळीची टोपी बसवून घेतली होती. 2014 साली थोरल्या बंधूंनी गच्चीवर पत्र्याची शेड घातली. पाईप आड येतो म्हणून तो स्लॅबलगत कापला, तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबला आणि वर सिमेंट थापले. मी त्याच दिवशी विरोध केला होता. "तो नुसता वासाचा पाईप आहे, त्यावाचून काही अडत नाही," असे ते म्हणाले आणि विषय संपला.

तो नुसता वासाचा पाईप नसतो. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके देत येते आणि समोर दुसरे भोक पाडले की सरळ धार लागते, हे आपण घरात पाहिलेले असेल. फ्लशचे पाणी उभ्या पाईपातून कोसळताना पुढची हवा ढकलते आणि मागची ओढते. वरचे तोंड उघडे असेल तर ही हवा गच्चीवरून येते. ते बंद असेल तर ती ट्रॅपमधून, म्हणजे भांड्याखालच्या पाणी साठून राहणाऱ्या वळणातून, ओढली जाते. ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर पाणी उभे असते आणि गटाराचा वास तेवढ्यावरच अडलेला असतो. आमच्याकडे वरच्या मजल्यावर फ्लश केला की तळमजल्याच्या भांड्यातले पाणी हेलकावून खाली जाई आणि संध्याकाळपर्यंत घरभर दुर्गंधी पसरे.

बंधूंनी तीन वेळा प्लंबर बोलावला, भांडे उखडून नवे बसवले, सेप्टिक टँक उपसून घेतला. गच्चीवर मात्र कोणीही चढले नाही. अखेर 2018 च्या दिवाळीत मीच छिन्नी-हातोडा घेऊन ते सिमेंट फोडले. तुकडे बोळ्यावरच अडले, म्हणून पाईपात काही पडले नाही. काळा पडलेला, ओलसर बोळा उपसून काढला, पाईपच्या तोंडावर तळहात ठेवला आणि पुतण्याला खाली फ्लश करायला सांगितले. तळहात आत ओढला गेला. तेवढा पुरावा मला पुरेसा होता. पत्र्याला भोक पाडून 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप वर काढला आणि त्या दिवसापासून गुडगुड थांबली. बंधू आजही म्हणतात की नव्या भांड्यामुळे फरक पडला. भांडे बदलल्यानंतर दीड वर्ष त्रास तसाच होता, हे ते विसरतात.

म्हणून आपल्या घरी गच्चीचे वॉटरप्रूफिंग, शेड किंवा फरशी कोणी करून घेतली असेल, तर त्या माणसाचे वय आणि नाते बाजूला ठेवून आधी पाईपचे तोंड स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. पक्ष्यांची काटक्यांची घरटी आणि डासांसाठी बांधलेली, धुळीने बुजलेली बारीक जाळीही तितकाच घात करते.

मात्र एकच भांडे तुंबत असेल आणि बाकी सर्व ठीक असेल, तर बहुधा त्याच भांड्याच्या ट्रॅपमध्ये काही अडकले आहे. सेप्टिक टँक भरला असला तरी अशीच लक्षणे दिसतात, त्यामुळे तोही पाहून घ्यावा. मात्र त्याचे झाकण उघडून आत वाकू नये आणि जवळ काडी ओढू नये.