शिकागोहून यलोस्टोनला आरव्हीने जाताना आय-९० वर रात्रीच्या मुक्कामाचे आरव्ही पार्क कसे शोधावेत?

भाड्याची २८ फुटी क्लास सी गाडी (म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली आरव्ही, चाकांवरचं घर), सोबत आई-बाबा, प्रवास ऑगस्टमध्ये, असं तुम्ही लिहिलंय. त्याच हिशेबाने सांगतो.

पार्क शोधायला बसण्याआधी मुक्कामाचा मैल ठरवा. बरेच जण उलटं करतात: झकास रिव्ह्यू असलेला पार्क आधी पसंत करतात आणि तिथे पोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. मग अंधारात ते धूड रिव्हर्स घ्या आणि टॉर्च मारून नळ शोधत बसा. गूगल मॅप्स दाखवतं ती वेळ मोटारीची असते, तिच्यात आणखी पाव भाग मिळवा. दिवसाला २८०-२९० मैल पुरे.

या रस्त्यावर ते छान बसतं. शिकागो ते ला क्रॉस साधारण २८०, तिथून सू फॉल्स २९०, पुढे वॉल हे गाव २८६. हा शेवटचा आकडा नकाशा न बघता निघतो, कारण साउथ डकोटात एक्झिटचे नंबर वायोमिंगच्या हद्दीपासूनच्या मैलांप्रमाणे आहेत. सू फॉल्सला आय-२९ मिळतो तो एक्झिट ३९६, वॉल ११०, करा वजाबाकी. वाटेत मिचेल ३३२, चेंबरलेन २६३. आई-बाबा दमले तर अलीकडे कुठे थांबता येईल, हे असं चालत्या गाडीत कळतं. मर्डोच्या पुढे घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे पार्कचं ऑफिस बंद व्हायच्या आत पोचायला तेवढीच सवड. वॉल ते वायोमिंगमधलं बफेलो साधारण २६०. तिथून यलोस्टोनच्या पूर्वेकडच्या कोडी गावाला जाताना बिगहॉर्नचा घाट यूएस-१६ ने चढा. यूएस-१४-ए वर १० टक्क्यांचे उतार आहेत, भाड्याच्या गाडीने त्या वाटेला जाऊ नका.

मैल ठरला की कॅम्पेंडियम किंवा द डर्ट या मुक्कामाच्या जागा शोधायच्या साईटवर त्या एक्झिटच्या आसपासचे पार्क काढा. एका रात्रीसाठी ‘पुल-थ्रू’ साईटच मागा: एका बाजूने आत, सकाळी दुसऱ्या बाजूने बाहेर. केओए या कॅम्पग्राउंडच्या साखळीत ‘जर्नी’ प्रकारचे पार्क हायवेलगत, खास अशा मुक्कामासाठी असतात. मग पार्क सॅटेलाइट व्ह्यूमध्ये बघा आणि रेल्वेरूळ शोधा. फाटक जवळ असेल तर बहुतेक ठिकाणी प्रत्येक रेल्वेगाडी तिथे हॉर्न वाजवते, रात्री दोन वाजतासुद्धा. रिव्ह्यूंमध्ये ‘ट्रेन’ हा शब्द शोधला तरी कळतं.

बुकिंग करताना गाडीची लांबी आणि ‘३० अँप’ स्पष्ट सांगा. क्लास सी बहुधा ३० अँपची असते. पार्कात फक्त ५० चं सॉकेट असेल तर ‘डॉगबोन’ अडॅप्टर लागतो. तो गाडीत आहे का, हे ताबा घेतानाच बघा. अडॅप्टर लावला तरी आत मिळणार ३० च. एसीला साधारण १३, मायक्रोवेव्हला १२, चहाच्या इलेक्ट्रिक केटलला १२. बेरीज ३७, म्हणजे ब्रेकर पडला. चहा गॅसवर ठेवा, कुकरही.

ऑगस्टमधली खरी अडचण वेगळीच आहे. महिन्याच्या सुरुवातीला साउथ डकोटातल्या स्टर्जिसला दहा दिवसांची मोटरसायकल रॅली असते. तेव्हा वॉलपासून वायोमिंगच्या हद्दीपलीकडेपर्यंत जागा मिळणं मुश्कील, मिळाली तर दुप्पट भावाने. तारखा हलवता येत असतील तर हलवा, नाहीतर आत्ताच फोन करा.

यलोस्टोनच्या आत पाणी, वीज, सांडपाणी तिन्ही जोडण्या असलेला एकच पार्क आहे, फिशिंग ब्रिज. अस्वलांमुळे तिथे तंबू किंवा कापडी भिंतींची गाडी चालत नाही, तुमची चालेल. त्याचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साईटवर नाही, यलोस्टोन नॅशनल पार्क लॉजेसकडे होतं. तिथे नाही मिळालं तर कोडीत बघा, पूर्व प्रवेशद्वार तिथून ५२ मैल.

वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये फुकट थांबता येतं, हे अर्धंच खरं. परवानगी त्या त्या दुकानाच्या मॅनेजरवर असते, आधी फोन करून विचारा. तिथे वीज नसते, जनरेटर रात्रभर चालवणं बरं नाही आणि ऑगस्टच्या उकाड्यात एसीशिवाय आई-बाबांचा डोळा लागणार नाही. ती जागा अगदीच अडल्यावर, एका रात्रीपुरती.