हायब्रिडचा हप्ता पेट्रोलच्या बचतीतून सुटेल का?

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात साने गुरुजी वसाहतीत राहतो. मिस्टर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरीला, मी राजारामपुरीत शिक्षिका. दोन मुलं, सासूबाई. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,०५,०००, घराचा हप्ता २४,०००, घरखर्च ४०,०००, एसआयपी ८,०००. एफडी साडेसहा लाखांची. जुनी गाडी दोन लाखांना जातेय. एकाच गाडीची दोन कोटेशन्स आहेत : पेट्रोल ऑटोमॅटिक ऑन-रोड १५.९० लाख, स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाबरोबर मोटर आणि बॅटरी असलेली) १९.२० लाख. एफडीतले चार आणि जुन्या गाडीचे दोन असे सहा लाख भरून बाकीचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घ्यायचं ठरतंय. वर्षाला १२,००० किलोमीटर होतात. पेट्रोल इतकं वाचेल की जादाचा हप्ता त्यातच भागेल, असं सेल्समन म्हणतो. एसआयपी दोन वर्षं थांबवली तर चालेल ना?

उत्तर : ताई, नाही भागणार. तुमच्याच कोटेशनवरून मांडते.

९ टक्के आणि सात वर्षं धरली तर लाखामागे हप्ता १,६०९ रुपये पडतो. हायब्रिडला कर्ज १३.२० लाख, म्हणजे हप्ता २१,२३८. पेट्रोलला ९.९० लाख, हप्ता १५,९२९. फरक महिन्याला ५,३०९ रुपयांचा.

आता बचत. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिडचं लिटरला २७.९७ किलोमीटर हे ॲव्हरेज चाचणीतलं आहे. एसी लावून, घरची सगळी माणसं बसवून रस्त्यावर तेवढं मिळत नाही. तुमच्या मिश्र वापराला मी हायब्रिडचं २१ आणि पेट्रोल ऑटोमॅटिकचं साडेचौदा धरते. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर किलोमीटरला एकीकडे ५ रुपये, दुसरीकडे ७ रुपये २४ पैसे. वाचले २ रुपये २४ पैसे. बारा हजार किलोमीटरला वर्षाचे २६,९०० च्या आसपास, महिन्याला सव्वादोन हजार. हप्ता वाढतोय ५,३०९ नं. उरलेले तीन हजार पगारातूनच जाणार.

सात वर्षांत जादा हप्त्यांचे ४.४६ लाख जातात, पेट्रोलचे १.८८ लाख वाचतात. विकताना हायब्रिडला लाखभर जास्त आले असं धरलं तरी दीड लाखाच्या वर खड्डा राहतो. तो लाख धरूनही बरोबरीला यायला वर्षाला २२,००० किलोमीटर फिरावं लागेल, न धरता साडेअठ्ठावीस हजार.

आणि तुमचा रूट हायब्रिडला फार मानवणारा नाही. हायब्रिड वाचवते ती थांबत-चालत जाणाऱ्या गर्दीत : ब्रेक लावला की मोटर बॅटरी भरते, पुढचं थोडं अंतर इंजिन बंद ठेवून कापते. दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, दाभोळकर कॉर्नर, कावळा नाका असा संध्याकाळचा फेरा असेल तर ती खरी चमकते. मिस्टरांचा निम्मा रस्ता मात्र उजळाईवाडीपासून हायवेचा. तिथं एका वेगानं इंजिनच गाडी ओढतं आणि दोन्ही गाड्यांमधला फरक कमी होतो. तुमची शाळा तीन-चार किलोमीटरवर. सकाळी थंड इंजिन आधी तापण्यासाठी चालू राहतं, आणि ते तापेपर्यंत शाळा येते. पन्हाळ्याच्या उताराला बॅटरी भरते खरी, पण ती एक युनिटसुद्धा साठवत नाही. लवकरच भरते आणि उरलेली ऊर्जा वाया जाते.

सरकारकडूनही या गाडीला फार हात मिळत नाही. चार मीटरच्या वरच्या, दीड लिटर इंजिनच्या हायब्रिडला सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकला ५. रोड टॅक्सही साध्या पेट्रोल गाडीसारखा, दहा ते वीस लाखांच्या टप्प्यात १२ टक्के. म्हणजे किंमत वाढली की टॅक्सही वाढला. थर्ड पार्टी विम्यात हायब्रिडला साडेसात टक्के सूट मिळते. ३,४१६ रुपयांच्या प्रीमियमवर ती अडीचशेच्या आसपास. तेवढ्यात तांबड्या-पांढऱ्याची एक थाळी येईल.

मी असते तर पेट्रोल ऑटोमॅटिक घेतली असती. हायब्रिडचा सात वर्षांचा हप्ता २१,२३८. पेट्रोलचं कर्ज पाचच वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता २०,५५२. खिशाला जवळपास तेवढाच. पण हायब्रिडवर व्याज जातं ४.६४ लाख, इथं २.४३ लाख, आणि शेवटची दोन वर्षं हप्ताच नाही. तरीही कर्ज सात वर्षांचं घ्या आणि हप्ता १५,९२९ च ठेवा, कारण घराचा हप्ता धरून २१ हजारांत पगाराचे ४३ टक्के अडकतात, १६ हजारांत ३८. बोनस आला की मुद्दल फेडा. त्याआधी बँकेला मुदतपूर्व फेडीचा दंड लेखी विचारा. वाहनकर्ज बहुतेकदा फिक्स्ड दराचं असतं आणि त्यावर दंड लागू शकतो.

एसआयपी थांबवू नका. १,०५,००० मधून ४० हजार घरखर्च, २४ घराचा हप्ता, १६ गाडीचा, ८ एसआयपी वजा जाता १७ हजार उरतात. त्यात मुलांची फी, विम्याचे हप्ते, सासूबाईंची औषधं बसू शकतात. हायब्रिड घेतली तर उरतात बारा हजार, म्हणूनच एसआयपीवर नजर गेली. एफडीतून चार लाख काढले की अडीच लाख राहतात. दोन्ही हप्ते धरून महिन्याचा खर्च ८० हजार, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांची सोय. घरात वयस्कर माणूस असताना हे मला कमी वाटतं. शक्य असेल तर गाडी सहा महिने पुढं ढकला आणि दर महिन्याला १६ हजार एफडीत टाका. लाखभर जमतील आणि तेवढा हप्ता झेपतो का, हेही कळेल.

एवढं वाचूनही हायब्रिडच हवी असेल, तिचं शांत चालणं आवडलं असेल, तर ती हौस म्हणून घ्या. फक्त डिकी आधी बघा : ग्रँड व्हिटारात बॅटरीमुळं ३७३ लिटरची जागा २६५ वर येते. गावी जाताना पाच माणसांच्या बॅगा तीत बसतात का, ते शोरूममध्येच भरून पाहा. बॅटरीच्या हवेची जाळी आणि फिल्टर कुठं आहे, किती दिवसांनी साफ करायचा, हे विचारा. धुळीनं चोंदला की बॅटरी तापते. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आहे, ती दुसऱ्या मालकाला चालते का हे वॉरंटीच्या पुस्तिकेत पाहा. पंधरा दिवस गाडी उभी राहणार असेल तर मधे एकदा ती चालू करून (डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिसतं तशी) अर्धा तास ठेवा, नाहीतर १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरते आणि मग मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

विमा कोणत्याही गाडीला इंजिन प्रोटेक्शनसह घ्या. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा महापूर तुम्ही पाहिलाच असेल. पाण्यात उभ्या गाडीचं नुकसान साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात मिळतं. पण पाणी शिरलेली गाडी सुरू करायचा प्रयत्न केला आणि इंजिन गेलं, तर हे कव्हर नसल्यास क्लेम नाकारला जातो. हायब्रिडला बॅटरीचं वेगळं कव्हर लागतं का, तेही विचारून घ्या. विम्याचा दर बाहेरूनही काढा आणि शोरूमच्या आकड्याशेजारी ठेवा. कोटेशनमध्ये हँडलिंग चार्जेस असतील तर ते काढायला लावा.