पाश्चात्त्य देशांतली तरुण मुलं चर्चला का जात नाहीत? भारतातही तसंच होतंय का?

मी इंदूरचा मराठी ख्रिस्ती. आजोबा नगरहून नोकरीसाठी इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. चर्चमध्ये उपासना हिंदीत, घरी अजून ना. वा. टिळकांची भजनं.

‘मुलं विज्ञान शिकली, देव मानेनाशी झाली’ हे ठरलेलं उत्तर मला पटत नाही. विचार करून, वाद घालून धर्म सोडणारे थोडेच असतात. इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २०११ मध्ये ५९.३ टक्के होते, २०२१ मध्ये ४६.२. यात मतं बदललेले असतीलच, पण जुनी पिढी गेली आणि तिच्या जागी आलेल्या पुष्कळांना लहानपणी कोणी चर्चला नेलंच नव्हतं, हाही त्यातला एक भाग. व्होआस आणि क्रॉकेट या अभ्यासकांनी २००५ मध्ये ब्रिटनबद्दल दाखवलं की आईवडील दोघंही श्रद्धाळू असले तरी मुलात श्रद्धा उतरण्याची शक्यता जेमतेम निम्मी. एकच असेल तर त्याच्याही निम्मी.

जर्मनीत आणखी एक भानगड आहे. सभासदाच्या आयकरावर ८ किंवा ९ टक्के चर्च-कर लागतो, तो पगारातूनच कापतात. नको असेल तर सरकारी कचेरीत जाऊन नाव काढायचं. २०२२ मध्ये एकट्या कॅथलिक चर्चमधून पाच लाखांवर लोकांनी नाव काढलं. त्यामागे बालकांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणांचा संतापही होता.

आमच्याकडे नाव कोणी काढत नाही. बाप्तिस्मा, लग्न, कबरस्तानातली जागा, सगळं मंडळीतूनच, म्हणजे आपल्या चर्चमधूनच, व्हायचं असतं. हजेरी मात्र गळते, आणि गळण्याचं वयही ठरलेलं. दृढीकरण होतं, म्हणजे बाप्तिस्मा झालेला मुलगा स्वतः चर्चपुढे श्रद्धा कबूल करतो. मग इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिलं प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी, घेतो, फोटो निघतात. मग अकरावी लागते आणि रविवारी सकाळी भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये टेस्ट. बाप स्वतः त्याला स्कूटरवर तिथे सोडतो आणि धापा टाकत दुसऱ्या गीताला आत येतो. चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेबही काही बोलत नाहीत, त्यांचीही मुलगी नीटची तयारी करतेय. घरात खरं महत्त्व कशाला आहे, हे पोराला तिथेच कळतं. पुढे पुण्या-बंगळुरूला नोकरी लागल्यावर तिथे चर्च शोधणारा एखादाच.

गिटार, ड्रम, प्रोजेक्टर सगळं आणून झालं. आवाज वाढला, माणसं तीच.

म्हणून ख्रिस्ती धर्म संपत चाललाय असं मात्र समजू नका. प्यू रिसर्च या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२० च्या आकड्यांनुसार जगातले सुमारे ३१ टक्के ख्रिस्ती सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत, युरोपात २२. अमेरिकेतही ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांची घसरण २०१९ पासून बरीच थांबलेली दिसते, तरी तिथल्या तरुणांत त्यांचं प्रमाण आजी-आजोबांच्या पिढीपेक्षा खूपच कमी आहे.